वन-पीस कार्बन प्रोपेलर शाफ्ट: कोकणातल्या खाऱ्या हवेत चालेल का, आणि बसवताना काय बघायचं?

मिऱ्या_बंदर (रत्नागिरी)

गाडी मस्टँग जीटी, २०१८ ची, ५.० लिटर व्ही८, सहा गिअरची ऑटोमॅटिक. ४१,००० किमी झालेत. एमएच ०८ पासिंग, चार भिंतींच्या गॅरेजमध्ये उभी असते, पण घरापासून समुद्र चारशे मीटरवर आहे.

तक्रार अशी: ताशी ८५ किमीच्या पुढे सीटखाली घरघर सुरू होते, १०० ला सगळ्यात जास्त. स्टिअरिंग शांत असतं. 'डी' मधून 'आर' मध्ये टाकताना खालून एक ठोका येतो. पिटवर घेऊन बघितलं तर दोन तुकड्यांच्या प्रोपेलरच्या (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) मधल्या बेअरिंगचं रबर अर्धं फाटलंय. बेअरिंग बदलायचं तर प्रोपेलर उतरवायचाच आहे. मग त्याच खर्चात थोडी भर घालून बाहेरून वन-पीस कार्बन फायबरचा शाफ्ट मागवावा असा विचार आहे. प्रश्न असे:

१. मागवण्याआधी कोणती मापं घ्यायची, विक्रेत्याकडून काय लेखी मागायचं?
२. खारी हवा, पावसाळा, जांभ्याची खडी यात कार्बन टिकतो का?
३. इथल्या गॅरेजमध्ये साधा दोन खांबी लिफ्ट आहे. तेवढ्यात काम होईल का? कुठे चुकतं?

रोजचा वापर शहरात, महिन्यातून दोनदा आंबा घाटातून कोल्हापूर. ट्रॅकवर गाडी जात नाही.

---

पिनियन_चिपळूण

दादा, मागवायच्या आधी घरघर प्रोपेलरचीच आहे याची खात्री करा. मोबाइलवर व्हायब्रेशन मोजायचं कुठलंही स्पेक्ट्रम दाखवणारं ॲप घ्या, फोन सीटच्या रुळावर घट्ट बांधा, १०० ला गाडी स्थिर ठेवा आणि शिखर किती हर्ट्झला येतंय ते बघा. २५५/४० आर१९ टायरचा घेर २.१६ मीटरच्या आसपास. मागचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलरचे फेरे) ३.५५ धरला तर हिशोब असा पडतो:

चाक: १२.९ हर्ट्झ
प्रोपेलर: ४५.७ हर्ट्झ (मिनिटाला २,७४० फेरे)
प्रोपेलरच्या दुप्पट: ९१ हर्ट्झ

१३ ला शिखर आलं तर टायर, रिम किंवा हब. ४६ ला आलं तर प्रोपेलरचा बॅलन्स, फ्लँजचा (बोल्टने जोडायच्या चकतीचा) रनआउट (फिरताना डगमगणं) किंवा तुमचं ते फाटलेलं रबर. ९१ ला आलं तर जॉइंटचा कोन किंवा जॅम झालेला जॉइंट. तुमच्या गाडीचा रेशो वेगळा असेल तर प्रोपेलरचे दोन्ही आकडे त्याच प्रमाणात बदलून घ्या. मग १०० लाच गिअर बदलून बघा आणि एकदा न्यूट्रलमध्येही सोडून बघा, मोकळ्या सपाट रस्त्यावर, घाटात नाही. इंजिनचे फेरे बदलूनही शिखर जागचं हललं नाही तर इंजिन-गिअरबॉक्स सुटले.

'डी-आर' चा ठोका मात्र फाटलेल्या रबराचाही असतो आणि डिफरन्शियलला (डिफ, मागच्या दोन चाकांना ताकद वाटणारा डबा) धरणाऱ्या रबरी बुशचाही. बुश मेलेलं असेल तर कार्बन शाफ्ट घातल्यावर ठोका तसाच राहील. शाफ्ट उतरवला की पिनियनचा (डिफमध्ये जाणाऱ्या दातेरी दांड्याचा) फ्लँज हाताने वर-खाली ओढून बघा. वर-खाली काहीही खेळ लागला तर आधी डिफ बघायचा, शाफ्टची ऑर्डर नंतर.

---

गिअरवाला_कुडाळ

आता कार्बन कशासाठी घ्यायचा हे स्पष्ट असू दे, कारण जाहिरातीत पिकअपचं गाणं फार वाजवतात. वजन आठ-दहा किलो वाचतं हे खरं. पण 'फिरणारं वजन वाचलं' याचा हिशोब करा. ९ किलो वस्तुमान, त्रिज्या साडेतीन सेंटिमीटर, ३.५५ रेशो. फिरण्यामुळे मिळणारा जास्तीचा फायदा सव्वा किलोएवढा निघतो. म्हणजे नऊ ऐवजी सव्वादहा. पावणेदोन टनांच्या गाडीत ते पायाला कळणार नाही.

खरा फायदा क्रिटिकल स्पीडचा. लांब नळी ठरावीक फेऱ्यांना धनुष्यासारखी वाकून थरथरायला लागते, तो वेग. लांबी निम्मी केली की तो चौपट होतो, म्हणून तर कंपनी दोन तुकडे करून मधे बेअरिंग देते. दीड मीटरची, ७६ मिमी व्यासाची स्टीलची एकच नळी टाकली तर क्रिटिकल साधारण ५,६०० येतो. त्याच्या पाऊण पटीपुढे जायचं नाही हा नियम, म्हणजे ४,२०० फेरे, म्हणजे तुमच्या टायरवर १५३ किमी. तुमच्या गाडीला हे चालणारच नाही. कार्बन हलका आणि ताठ, शिवाय नळी ९५ मिमीची जाड करता येते. तंतूंची रचना नीट असेल तर त्याच लांबीला क्रिटिकल १०,००० च्या घरात जातो, पाऊण पट ७,५००. गाडी २५० ला गेली तरी प्रोपेलर ६,८५० वर असतो. म्हणजे वन-पीस करायचा असेल तर कार्बन हे योग्य उत्तर आहे. पण दोन तुकड्यांचा शाफ्ट नवीन बेअरिंग घालून तुमच्या वापराला पुरेसा आहे, हेही तितकंच खरं. मधलं बेअरिंग कायमचं जाणं हा एकमेव ठोस फायदा मला दिसतो. तो हवा असेल तर पुढे वाचा.

ताकदीची काळजी नको. इंजिनचा ५१५ न्यूटन-मीटर गुणिले पहिल्या गिअरचा ४.१७ म्हणजे जवळपास २,१५०, त्यावर टॉर्क कन्व्हर्टरचा गुणाकार वेगळा. विक्रेते हाच आकडा दाखवून जाड शाफ्ट विकतात. पण प्रत्यक्षात आधी टायर सुटतो. मागच्या दोन चाकांवर ९०० किलो भार धरला तर कोरड्या डांबरावर शाफ्टपर्यंत ८५०-९०० न्यूटन-मीटर पोचतो, वजन मागे सरकलं की अजून थोडा. झटका बसतो तो चाकं उड्या मारायला लागली की. खडी पसरलेल्या वळणावर पाय दाबून ठेवलात तर ते होतं. तेव्हा पाय सोडायचा, शाफ्ट कुठलाही असो.

विक्रेत्याकडून लेखी मागा: टॉर्क रेटिंग, तुमच्या लांबीला क्रिटिकल स्पीड किंवा कमाल फेरे, बॅलन्स किती फेऱ्यांना केला त्याची शीट, नळीवरचा आणि शीटवरचा एकच सीरियल नंबर, जॉइंटचा प्रकार आणि सुटा मिळतो का. वरच्या विणीवरून काही ठरवू नका. ॲल्युमिनियमच्या नळीवर कार्बनचं कापड चढवून विकलेला मालही चकचकीत दिसतो. खऱ्या शाफ्टमध्ये ४५ अंशाच्या आसपासचे तंतू पीळ सोसतात आणि लांबीच्या दिशेचे तंतू ताठपणा देतात. दोन्ही थर कसे आहेत हे विचारल्यावर जो उत्तर देऊ शकत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

---

मिऱ्या_बंदर

ॲप लावलं. १०० ला ४६ वर मोठं शिखर, ९१ ला अगदी बारीक. न्यूट्रलमध्येही तसंच. डिफचं बुश गॅरेजवाल्याने पहारीने हलवून दाखवलं, ठीक आहे. मधलं बेअरिंग परत घालायचंच नाही असं ठरवलंय. मापांचं आणि खाऱ्या हवेचं सांगा.

---

पिनियन_चिपळूण

मापं. तुमच्या गाडीला मागे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, डिफ सबफ्रेमला बांधलेला. त्यामुळे चाकं लोंबत असली तरी गिअरबॉक्स ते डिफ अंतर फारसं बदलत नाही. थार-स्कॉर्पिओसारख्या सलग ॲक्सलच्या गाडीत असं माप घेतलं तर चुकेल, तिथे वजन चाकांवर ठेवूनच घ्यावं लागतं. इथे गिअरबॉक्सच्या फ्लँजचा सपाट चेहरा ते पिनियन फ्लँजचा सपाट चेहरा असं माप घ्या, तीनदा, आणि पुढे रबरी कपलिंग असेल तर ते धरून की सोडून हे विक्रेत्याला स्पष्ट लिहा. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पाच मिलीमीटरचा फरकही लहान नाही: सरकता जॉइंट (लांबीतला थोडा फरक सामावून घेणारा) मधोमध बसला पाहिजे. पूर्ण दाबला गेला तर गिअरबॉक्सच्या मागच्या बेअरिंगवर सतत रेटा येतो आणि पहिल्या मोठ्या गतिरोधकाला ते बोलतं.

बोल्टचा वर्तुळ-व्यास, बोल्ट किती, मधल्या मानेचा व्यास, तिन्ही व्हर्नियरने मोजून फोटोसह पाठवा. ऑटोमॅटिक आणि मॅन्युअलचा शाफ्ट वेगळा असतो, म्हणून फक्त 'मस्टँग जीटी' लिहून ऑर्डर देऊ नका.

गाडीखालच्या बोगद्याची, म्हणजे प्रोपेलर ज्या खोबणीतून जातो तिची, जागाही मोजा. जुनी नळी बारीक होती, नवी ९५-१०० मिमीची आहे. एक्झॉस्ट बाहेरून करून घेतला असेल तर पाइप आत सरकलेला असतो. बीएमडब्ल्यूने एम३-एम४ ला मुळात कार्बनचा शाफ्ट दिला होता आणि २०१७ च्या अखेरीस एक्झॉस्टमधल्या फिल्टरला जागा हवी म्हणून तो काढून स्टीलचा घातला. कंपनीलाच जागेची एवढी ओढाताण होते, तर आपण टेप लावून बघायला हवंच. पाइप आणि नळीत मला २५ मिमी अंतर लागतं, आणि मधे पत्र्याचं हीट शील्ड परत बसलंच पाहिजे. इपॉक्सी उष्णतेने मऊ पडतो, आणि ते नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

पार्सलबद्दल एक सांगतो. कुरिअर लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये धरून ५,००० ने भागतो. १७० × २५ × २५ चं खोकं म्हणजे २१ किलोचं भाडं, आत माल दहाचा असला तरी. कस्टम ड्यूटी वस्तू, भाडं आणि विमा या तिन्हींच्या बेरजेवर लागते, तेव्हा भाडं आधी कमी करा. खोक्यात नळीच्या मधे आधार नको, दोन्ही टोकांच्या धातूवर हवा, हे विक्रेत्याला सांगून ठेवा. आल्यावर खोकं फाटलेलं असेल तर उघडण्याचा व्हिडिओ काढा.

---

खारं_वारं (मालवण)

खाऱ्या हवेचं मी सांगतो, कारण याबद्दल बाहेरच्या लोकांच्या लेखात एक ओळही नसते. कार्बनची नळी स्वतः गंजत नाही. गंजतं तिच्या टोकाला चिकटवलेलं ॲल्युमिनियम. कार्बन वीज वाहून नेतो, आणि खारं पाणी मधे आलं की कार्बन आणि ॲल्युमिनियमची बॅटरीच तयार होते, त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. चांगला बनवणारा दोघांच्या मधे काचतंतूचा थर आणि चिकटवणाऱ्या इपॉक्सीची सलग फिल्म ठेवतो, कडेला सीलंटची गोल लायनिंग देतो. म्हणून वरच्या यादीत एक प्रश्न वाढवा: नळी आणि टोक यांच्या मधे विलग करणारा थर आहे का? आणि टोक स्टीलचं मिळत असेल तर किनाऱ्यावरच्या गाडीला तेच घ्या. अर्धा-पाऊण किलो वाढेल, वाढू दे.

तपासायचं ते जोडाच्या कडेला. पांढरी भुकटी, रंगाला फोड, सीलंट सुटून आलेली केसासारखी फट, यातलं काहीही दिसलं तर शाफ्ट उतरवा. तो जोड परत चिकटवायला देऊ नका.

आपल्याकडच्या दोन सवयी या शाफ्टच्या मुळावर येतात.

पहिली, पावसाळ्याआधी अंडरबॉडी कोटिंग. माणूस डोळे मिटून सगळीकडे फवारा मारतो, प्रोपेलरवरही. एका बाजूला पन्नास ग्रॅम डांबर बसलं की बॅलन्स गेला. कोटिंगच्या आधी शाफ्टला प्लास्टिक गुंडाळा, दोन्ही जॉइंटसकट, आणि नंतर ते काढायला विसरू नका. जुनं इंजिन ऑइल किंवा डिझेल खालून मारणारे आहेत त्यांना तर खाली जाऊच देऊ नका, जॉइंटवरच्या बूटांचं (टोप्यांचं) रबर फुगतं.

दुसरी, प्रेशर वॉशरची नळी जॉइंटच्या सीलवर धरणं. पाणी आत, ग्रीस बाहेर. हात-दीड हात लांबून धुवा. आरे-वारेच्या रस्त्याने वाऱ्याच्या दिवशी गेलात किंवा गाडी पुळणीवर नेलीत तर त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालून धुवायची. लाल माती नळीवर वाळून बसते तीही काढायची. तिचंही वजन असतं.

खडीचं: बारीक खडीने वरचा थर खरवडतो, ते चालतं. ठोका बसून पांढरा डाग उठला असेल, किंवा बोटाला भेग लागत असेल, तर नाण्याने हलकेच टकटक करत जा. चांगल्या जागी टणटण, आतला थर सुटलेल्या जागी बद्द आवाज. बद्द आला की शाफ्ट बाद. वरून राळ भरून उपयोग नाही, तंतू तुटलेले असतात.

---

गिअरवाला_कुडाळ

बसवणं. दोन खांबी लिफ्ट पुरतो. चारही चाकं वर हवीत, गाडी पातळीत.

मधला एक्झॉस्ट उतरवा, हीट शील्ड काढा. जुना शाफ्ट सोडण्याआधी दोन्ही फ्लँजवर रंगाची खूण करा, जुना परत घालायची वेळ आली तर लागेल. तो दोन तुकड्यांचा आहे, एका टोकावर लोंबकळू देऊ नका, मधल्या बेअरिंगखाली लाकूड ठेवून जॅक लावा.

शाफ्ट निघाला की पिनियन फ्लँजवर डायल गेज लावा, चेहऱ्यावर आणि मानेवर. ०.१ मिमीच्या आत हवा. इथे गडबड असेल तर कितीही महाग शाफ्ट थरथरणारच. काही किटमध्ये पिनियनचा मूळ फ्लँज बदलायला सांगतात. तसं असेल तर थांबा: पिनियनचा नट बेअरिंगचा प्रीलोड (मुद्दाम दिलेला दाब) धरून असतो. इम्पॅक्ट गनने सोडून परत आवळला तर डिफ गुणगुणायला लागतो. मूळ फ्लँजवर अडॅप्टर बसणारं किटच निवडा.

बसणाऱ्या पृष्ठभागांवरचा रंग, गंज, खरबड साफ करून ब्रेक क्लीनरने पुसा. अडॅप्टर मानेवर हाताने पूर्ण बसला पाहिजे. बोल्ट आवळून ओढून घ्यायचा नाही, तिरका बसतो आणि तोच पुढे रनआउट होतो. बोल्ट नवीन, निळा लॉकटाइट (बोल्ट सैल होऊ न देणारा गोंद), समोरासमोरचे बोल्ट दोन टप्प्यांत. गाडीच्या बाजूच्या बोल्टचा टॉर्क वर्कशॉप मॅन्युअलमधला, अडॅप्टरचा किटच्या कागदावरचा. अंदाजाने नाही, टॉर्क पान्यानेच. आवळून झाल्यावर प्रत्येक बोल्टवर पिवळी रेघ मारा.

नळीला काय करायचं नाही: व्हाइसमध्ये धरायची नाही, साखळी पाना लावायचा नाही, तिच्यावर होज क्लिप लावून बॅलन्स करायचा नाही, जॅक टेकवायचा नाही. फिरवून धरायची असेल तर गाडी 'पी' मध्ये टाका.

क्रॉसचे जॉइंट असतील तर दोन्ही टोकांचे कोन मोजा, मोबाइलच्या पातळी-मापकाने चालतं. प्रत्येकी एक ते तीन अंश, आणि दोन्हींत एका अंशापेक्षा जास्त फरक नको. शून्यही नको, जॉइंटच्या बेअरिंगमधल्या सुया एकाच जागी खड्डे पाडतात. वन-पीस केल्यावर मधला मोड जातो, म्हणून आधी बरोबर असलेले कोन नंतर तसे राहत नाहीत. सीव्ही जॉइंटला (कोनातही एकसारख्या वेगाने फिरणाऱ्या) ही समान कोनाची अट नाही. किंमत थोडी जास्त असली तरी मी मागे सीव्हीच घ्या म्हणेन.

हाताने पाच-सहा पूर्ण फेरे फिरवा. गिअरबॉक्स जॅकने थोडा वर-खाली करून परत फिरवा. कुठे घासत नाही ना, हँडब्रेकची तार आणि इंधनाच्या नळ्या लांब आहेत ना बघा. मग रस्त्यावर: ४०, ६०, ८०, प्रत्येक टप्प्याला थांबून. १०० किमीनंतर आणि ५०० नंतर पिवळ्या रेघा बघा. रेघ सरकली नसेल तर लॉकटाइट लावलेला बोल्ट उगाच परत आवळू नका.

---

जांभा_दगड

सेफ्टी लूप (शाफ्ट सुटला तर खाली पडू न देणारं कडं) लागतो का? कार्बन तुटला तरी झाडूसारखा पिंजतो, स्टीलसारखा गाडीत घुसत नाही असं वाचलंय. मग लूपचा खर्च कशाला?

---

गिअरवाला_कुडाळ

नळी पिंजते हे बरोबर. पण टोकाचा धातूचा जॉइंट पिंजत नाही, आणि पुढचा जॉइंट सुटला तर नळी रस्त्यावर टेकून गाडी उचलू शकते. ड्रॅग रेसिंगच्या नियमांत लूप पुढच्या जॉइंटपासून सहा इंचांच्या आत मागतात, तेच कारण आहे. रस्त्याच्या गाडीलाही लावाच. लूप आणि नळीत फिरताना अंतर राहील असा घ्या आणि तो गतिरोधकाला गाडीचा सगळ्यात खालचा भाग होणार नाही हे बघा.

---

पिनियन_चिपळूण

बसवल्यावर ४६ हर्ट्झचं शिखर उरलंच तर शाफ्ट लगेच परत पाठवू नका. मागचे बोल्ट काढून शाफ्ट फ्लँजवर अर्धा फेरा फिरवून बसवा, परत मोजा. शिखर कमी-जास्त झालं तर दोष फ्लँज आणि शाफ्टच्या जुळणीत आहे, जी बाजू शांत ती ठेवा. काहीच फरक नाही पडला तर बॅलन्स. उद्यमनगरात किंवा इतरत्र ट्रकचे प्रोपेलर बॅलन्स करणाऱ्याकडे नेलात तर त्याला आधीच बजावा: बॅलन्सची पत्री वेल्ड करायची नाही. टोकाच्या धातूवर वेल्डिंग केलं की उष्णता आत जाऊन इपॉक्सीचा जोड जळतो. बाहेरून ठीक दिसतो, घाटात सुटतो. वजन लावायचं ते बनवणाऱ्याने सांगितलेल्या जागी, स्क्रूने किंवा चिकटवून.

आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा, बिलाची प्रत जोडून. अपघातानंतर सर्व्हेअरला खाली न कळवलेला भाग दिसला की वाद तिथून सुरू होतो.

---

मिऱ्या_बंदर

माप घेतलं, तीनदा तेच आलं. पिनियन फ्लँजचा रनआउट ०.०६. स्टीलची टोकं, मागे सीव्ही, मूळ फ्लँजवर बसणारा अडॅप्टर आणि विलग थराची लेखी हमी, एवढ्या अटी घालून दोन विक्रेत्यांना लिहिलंय. एकाने थरांच्या प्रश्नाला फक्त फोटो पाठवला, त्याला सोडलं. दुसऱ्याने कोन आणि जाडी लिहून दिली. उतरवलेला जुना शाफ्ट नवीन बेअरिंग घालून गोणपाटात बांधून ठेवतो, जोड कधी संशयास्पद दिसला तर गाडी अडून राहायला नको.

---

खारं_वारं (मालवण)

गोणपाट नको, ते दमट होतं. फ्लँजना ग्रीस लावून प्लास्टिकात गुंडाळा आणि आडवा ठेवा, दोन ठिकाणी आधार देऊन.